खड्ड्यावरून तोफ, गाळावरून कारखाना



मी तोफखान्यातून निवृत्त झालेला अधिकारी. सैन्यात जाण्याआधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. त्यापलीकडे शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याजोगं माझ्याकडे काही नाही. तरी आज मी तुमच्याशी समुद्रकाठच्या चिखलाबद्दल बोलणार आहे. हे भाषण इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, चेन्नई अशा ठिकाणी बसून ऐकणारी मराठी माणसं आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी काहींच्या जवळ खाडी असेल, काहींच्या ताटात खाडीतला मासा असेल. म्हणून विषय सगळ्यांचाच आहे.

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते : ‘खाडीच्या गाळात जड धातू सापडले.’ पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम अशी नावं असतात. शेजारी काळ्या पाण्याचा फोटो असतो. बातमी तिथेच संपते. सापडले, ठीक आहे. पण आले कुठून? हा प्रश्न विचारला नाही तर पुढचं काहीच होत नाही. ज्याचा धनी ठरत नाही, तो कचरा कुणीच उचलत नाही.

आता तोफखान्याचा माणूस इथे का घुसला, ते सांगतो.

शत्रूचा गोळा आपल्या हद्दीत पडला, तर पहिलं काम जखमींना हलवण्याचं. दुसरं काम, खड्डा तपासण्याचं. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं शिक्षण होतं, तिथे हे शिकवतात. खड्ड्याच्या आकारावरून, माती कुठल्या बाजूला कशी उडाली आहे यावरून गोळा कुठल्या दिशेने आला ते कळतं. अशा दोन-तीन खड्ड्यांच्या उलट्या दिशा नकाशावर ओढल्या, की त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या भागात तोफ असते. मग खड्ड्यात हात घालून लोखंडाचे तुकडे गोळा करायचे. तुकड्याची जाडी आणि वळण पाहून गोळा कुठल्या जातीचा, कुठल्या मापाचा ते ठरतं. आणि गोळा किती वाजता पडला याची नोंद असतेच. दिशा, वेळ आणि तुकडा. तिन्ही जुळले, तर रिपोर्ट पक्का. आमचे एक उस्ताद म्हणायचे, “साहब, गड्ढा झूठ नहीं बोलता, देखनेवाला बोलता है.”

समुद्रातल्या गाळाचंही अगदी असंच आहे. कारखान्यातून, गटारातून, खाणीतून आलेला धातू पाण्यात फार काळ तरंगत नाही. तो चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि तळाशी बसतो. पाणी दर भरती-ओहोटीला बदलतं. सकाळी घेतलेला पाण्याचा नमुना आणि संध्याकाळचा नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. चिखल मात्र बसून राहतो, थरावर थर चढवत. धातू कुजत नाही, जळून नाहीसा होत नाही. म्हणून शोध घ्यायचा तो चिखलात.

जगात हा शोध कुठे सगळ्यात महागात पडला? जपानमध्ये, मिनामाता इथे. ती हकिगत आधी सांगतो.

मिनामाता हे क्युशू बेटावरचं, कुमामोतो प्रांतातलं लहानसं गाव. गावात चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड बनवत आणि त्या प्रक्रियेत पारा वापरत. सांडपाणी ह्याक्केन नावाच्या छोट्या बंदरातून खाडीत जाई. १९५० नंतर गावातली मांजरं नाचल्यासारखी झटके देऊन मरायला लागली. मग माणसं. हात थरथरणं, बोलणं अडखळणं, नजर अरुंद होणं, चालताना तोल जाणं. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं, की मज्जासंस्थेचा एक अनोळखी रोग आला आहे. सुरुवातीला लोकांना तो संसर्गजन्य वाटला. रुग्णांना वेगळं ठेवलं, घरं औषध मारून धुतली. शेजाऱ्यांनी जाणं-येणं टाकलं.

कुमामोतो विद्यापीठाच्या पथकाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत सांगितलं, की हा संसर्ग नव्हे, खाडीतल्या मासे-शिंपल्यांतून झालेली जड धातूची विषबाधा आहे. पण कुठला धातू? कारखान्याच्या सांडपाण्यात शिसं, मँगनीज, आर्सेनिक, सेलेनियम, थॅलियम, तांबं, पारा, सगळंच होतं. मँगनीजवर संशय गेला, थॅलियमवर गेला, सेलेनियमवर गेला. संशयित फार आणि साक्षीदार एकही नाही, अशी अवस्था.

साक्षीदार चिखलात होता. १९५९ मध्ये पथकाने खाडीच्या तळाचा गाळ जागोजागी काढून त्यातला पारा मोजला. ह्याक्केनच्या सांडपाण्याच्या तोंडाशी सगळ्यात जास्त, आणि तिथून समुद्राकडे जावं तसतसा कमी. तोंडाशी किती? एका टन गाळात सुमारे २ किलो पारा. खाणीतून काढायला परवडेल इतका! कंपनीने पुढे तो गाळातून काढून विकण्याची सोयही केली. ही झाली पहिली खूण, दिशा.

दुसरी खूण, वेळ. सप्टेंबर १९५८ मध्ये कंपनीने सांडपाण्याची वाट बदलली. ह्याक्केनऐवजी ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात केली. काही महिन्यांत नदीच्या मुखाजवळ आणि त्यापलीकडच्या किनाऱ्यावर नवे रुग्ण दिसू लागले. जिथे पूर्वी रोग नव्हता, तिथे. तोफ हलवली आणि गोळे नव्या ठिकाणी पडायला लागले. याहून स्पष्ट पुरावा कुणाला हवा?

तिसरी खूण, तुकडा. रुग्णांची लक्षणं सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेच्या जुन्या नोंदींशी जुळत होती. आजारी माणसांच्या केसांत पारा होता. २२ जुलै १९५९ रोजी विद्यापीठाच्या पथकाने जाहीर केलं, की कारण पारा.

दिशा, वेळ, तुकडा, तिन्ही जुळले. रिपोर्ट पक्का. मग काय झालं? इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रसायन उद्योगाच्या संघटनेकडून एक नवा सिद्धांत आला. युद्ध संपताना लष्कराने खाडीत दारूगोळा बुडवला, त्याचं हे विष आहे! मी आयुष्यभर दारूगोळा हाताळला, म्हणून या सिद्धांताकडे जरा लक्ष देऊन पाहिलं. ऐकायला तो अशक्य वाटत नाही. जुन्या डिटोनेटरमध्ये पाऱ्याचं एक संयुग खरोखर असे, मर्क्युरी फुल्मिनेट. पण एका डिटोनेटरमध्ये ते असतं चिमूटभर. गोळ्याच्या पोटातल्या मुख्य दारूत पारा नसतोच. टनामागे २ किलो पाऱ्याचा गाळ व्हायला किती डिटोनेटर लागतील, याचा हिशेब एखादा नवशिक्या लेफ्टनंटही करील. शिवाय बुडवलेला दारूगोळा एका जागी पडून असतो. तो कारखान्याच्या नळाच्या तोंडाशीच बरोबर का जमेल? आणि १९४५ साली बुडवलेला माल १९५८ मध्ये नळाबरोबर नदीच्या मुखाकडे कसा सरकेल? दिशा जुळत नाही, वेळ जुळत नाही, तुकडाही जुळत नाही.

पण सिद्धांताचं काम जुळणं हे नव्हतंच. ‘अजून मतभेद आहेत’ असं म्हणता येणं, एवढंच त्याचं काम होतं. ते त्याने चोख केलं.

दरम्यान डॉ. होसोकावा कारखान्याच्या इस्पितळात मांजरांवर प्रयोग करत होते. ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी त्यांनी ४०० क्रमांकाच्या मांजराला अन्नातून दिलं. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्या मांजराला नेमका तोच रोग झाला. कंपनीने हा निकाल बाहेर जाऊ दिला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांडपाणी शुद्ध करण्याचं यंत्र मोठा गाजावाजा करून बसवलं, आणि लोकांना वाटलं प्रश्न मिटला. विरघळलेला सेंद्रिय पारा त्या यंत्राने निघत नव्हता.

कारखान्याने ती प्रक्रिया बंद केली मे १९६८ मध्ये. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं २६ सप्टेंबर १९६८ रोजी. चिखलाने उत्तर दिलं १९५९ ला, माणसांनी ते ऐकलं ९ वर्षांनी. मधल्या काळात, १९६५ मध्ये, निगाता प्रांतात आगानो नदीच्या काठी हाच रोग दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच प्रक्रियेमुळे उघडकीस आला. पहिल्या ठिकाणचा निष्कर्ष वेळेत मानला असता, तर दुसऱ्या ठिकाणी सावध होता आलं असतं. मिनामाता परिसरात मार्च २००१ पर्यंत २,२६५ जणांना अधिकृत रुग्ण ठरवलं गेलं. काही मुलं आईच्या पोटातच विषबाधा होऊन जन्मली. त्यांनी स्वतः मासा खाल्लाही नव्हता.

आणखी एक गोष्ट. १९५७ मध्येच प्रांताच्या प्रशासनाने केंद्र सरकारला विचारलं होतं, की अन्न कायद्याखाली खाडीतली मासेमारी बंद करता येईल का? उत्तर आलं, खाडीतले सगळेच मासे विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येत नाही. आता बघा, गोळे पडताहेत आणि वरून हुकूम येतो की प्रत्येक गोळा तपासून झाल्याशिवाय माणसं हलवू नका! सैन्यात असं कुणी करत नाही. तोफ नेमकी कुठे आहे ते नंतर कळेल, माणसं आधी माऱ्याबाहेर काढायची.

ही झाली जपानची हकिगत. आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इथे मात्र एक सावधगिरीचा मुद्दा सांगतो, कारण घाईने चुकीच्या माणसावर बोट ठेवणं हाही अन्यायच.

मिनामातात संशयित ओळखणं त्या मानाने सोपं होतं. एक गाव, एक मोठा कारखाना. आपल्याकडे एका खाडीला शंभर तोंडं. औद्योगिक वसाहत, शहराचं सांडपाणी, बंदर, राखेचे तलाव, कचऱ्याचे डोंगर, महामार्ग. आणि यांत आणखी एक संशयित असतो, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे खुद्द डोंगर.

मुंबई-कोकणच्या बऱ्याच भागात नद्या सह्याद्रीचा काळा दगड झिजवून आणतात. हा बेसाल्ट. त्यात लोह, टायटॅनियम, तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच भरपूर. जगभरच्या शेल दगडातल्या तांब्याची सरासरी साधारण ४५ पीपीएम धरतात, म्हणजे दहा लाख भागांत ४५ भाग. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते बऱ्याचदा १०० च्या वर असतं. समजा, एखाद्या खाडीच्या गाळात १२० पीपीएम तांबं मिळालं. जगाच्या सरासरीशी ताडलं तर ते अडीच पटीहून जास्त, म्हणजे मथळा तयार. पण त्याच नदीच्या वरच्या अंगाचा, वस्ती नसलेल्या भागातला गाळ काढला आणि तिथे ११० निघाले, तर? मग माणसाने घातलेली भर अगदी थोडी. एकच चिखल, दोन निकाल. फरक फक्त कशाशी तुलना केली याचा. म्हणून पहिला नियम : तुलना त्याच मातीच्या मूळ पातळीशी करायची.

दुसरा नियम : समान गोष्टींचीच तुलना करायची. वाळू धातू धरत नाही, चिकणमाती धरते. एका ठिकाणी वाळू आणि दुसऱ्या ठिकाणी चिखल असेल, तर आकडे वेगळे येणारच, प्रदूषण असो वा नसो. म्हणून अभ्यासक बऱ्याचदा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात आणि बारीक भागच मोजतात. किंवा धातूच्या आकड्याला ॲल्युमिनियमच्या आकड्याने भागतात. ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतूनच येतं, त्यामुळे चिकणमाती किती आहे याचं ते माप ठरतं. तो भागाकार मूळ मातीपेक्षा बराच जास्त आला, की समजावं बाहेरून भर पडली आहे.

तिसरा नियम वेळेचा. गाळात उभी नळी दाबून घालतात आणि मातीचा लांब दंडगोल बाहेर काढतात. वरचा थर आजचा, खाली जाल तसा जुना. प्रत्येक थराचं वय काढायला निसर्गाने घड्याळ दिलं आहे : शिशाचा किरणोत्सारी प्रकार, शिसं-२१०. दर २२ वर्षांच्या सुमारास ते निम्मं होतं, त्यामुळे मागची शंभर-सव्वाशे वर्षं वाचता येतात. दुसरं घड्याळ माणसाने नकळत बसवलं. हवेत केलेल्या अणुचाचण्यांतून सीझियम-१३७ जगभर पडलं आणि १९६३ च्या सुमारास ते सर्वाधिक होतं. ज्या थरात ते सगळ्यात जास्त, तो थर त्या काळचा. मग बघायचं, की धातू कुठल्या थरापासून वाढला आणि त्या वर्षांत काठावर काय नवीन उभं राहिलं. मात्र जिथे बंदरासाठी तळ उपसला आहे, किंवा किडे-खेकड्यांनी माती वरखाली केली आहे, तिथे हे घड्याळ बिघडतं. अशा जागेची नळी घेऊन उपयोग नाही.

चौथा नियम तुकड्याचा. शिशाची इथे मोठी मदत होते. शिशाचे चार स्थिर प्रकार असतात, २०४, २०६, २०७ आणि २०८. त्यांचं एकमेकांशी प्रमाण खाणीखाणीत वेगळं असतं, आणि भट्टीत वितळवलं, पेट्रोलमध्ये घातलं, रंगात मिसळलं तरी ते जवळपास बदलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल खाणीच्या शिशात २०६ आणि २०७ यांचं प्रमाण १.०४ च्या आसपास आहे, तर बऱ्याच ठिकाणच्या साध्या मातीत ते १.२ च्या जवळ असतं. म्हणजे गोळ्याच्या तुकड्यावर कारखान्याचा शिक्काच! आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्याआधीच्या थरातलं शिसं आणि नंतरच्या थरातलं शिसं वेगळं काढायला ही खूण कामाची.

आता हे सगळं ठाण्याच्या खाडीला लावून बघा. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा. तिथे तांबं किंवा निकेल जास्त दिसलं, तर आधी डोंगराचा हिस्सा वजा करायला हवा. पण पारा? बेसाल्टमध्ये पारा नगण्य. तो जास्त दिसला, तर डोंगराला दोष देता येत नाही. गोव्यात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास ठाणे खाडीतल्या पाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, पुढे उल्हास नदीच्या खाडीचाही झाला. त्या काळी कॉस्टिक सोडा बनवताना पाऱ्याच्या सेल वापरत. नंतर देशातल्या या उद्योगाने टप्प्याटप्प्याने पारा सोडून पडद्याचं तंत्र, म्हणजे मेम्ब्रेन सेल, स्वीकारलं. नळ बंद होऊ शकतो, याचं हे आपल्या देशातलं उदाहरण आहे. पण जुना पारा खालच्या थरांत आहेच. पूल, बंदर, भराव यांसाठी तळ उकरताना तो पुन्हा वर येऊ शकतो. म्हणून उकरण्यापूर्वी थर तपासायला हवेत. ही खाडी आज फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीतही आहे. तिच्यावर कोळी बांधवांचं पोट आहे, ही गोष्ट त्याहून जुनी.

मिनामातात शेवटी काय करावं लागलं? १९७४ मध्ये खाडीच्या तोंडाला जाळी लावली, विषारी मासा बाहेर जाऊ नये म्हणून. ती १९९७ मध्ये काढली. १९७७ ते १९९० अशी १३ वर्षं गाळ उपसला आणि खाडीचा ५८ हेक्टर भाग भरून त्याखाली तो गाडला. नळ ९ वर्षं उशिरा बंद केल्याची ही किंमत. पुढे पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचंच नाव दिलं. करार २०१३ चा, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

तर मंडळी, तुमच्या भागातल्या खाडीची, नदीमुखाची अशी बातमी आली, तर घाबरू नका आणि पान उलटूही नका. पाच प्रश्न विचारा. नगरसेवकाला विचारा, प्रदूषण मंडळाला माहितीच्या अधिकारात विचारा, कॉलेजच्या प्राध्यापकांना विचारा.

एक, गाळ किती ठिकाणांहून घेतला, आणि कुठल्या तोंडाकडे जाताना आकडा वाढतो? दोन, तुलना कशाशी केली, जगाच्या सरासरीशी की इथल्याच मूळ मातीशी? तीन, वाळू आणि चिखल यांचा फरक हिशेबात धरला का? चार, थरांचं वय काढलं का, आणि वाढ कुठल्या वर्षापासून आहे? पाच, हा धातू इथल्या कुठल्या उद्योगात, कशासाठी वापरतात?

याची उत्तरं आली की संशयितांची यादी शंभरावरून दोन-तीनवर येते. मग त्या दोन-तीन नळांच्या तोंडाशी जाऊन नमुना घेणं हे काही अवघड काम नाही. आणि कुणी म्हणालं, की अजून मतभेद आहेत, आणखी अभ्यास हवा, तर त्यांना सांगा, अभ्यास जरूर चालू ठेवा. पण तोवर संशयित नळाला कुलूप, आणि त्या पट्ट्यातला मासा बाजारात जाण्याआधी तपासणी. मासेमारी थांबवावी लागली, तर कोळ्यांना भरपाई, कारण नळ त्यांचा नाही.

गाळ कुणाची बाजू घेत नाही. कारखान्याची घेत नाही, आंदोलनाचीही घेत नाही. डोंगराचं माप डोंगराच्या पदरात टाकतो आणि माणसाचं माणसाच्या. आपण विचारायला गेलं पाहिजे, आणि उत्तर आलं की ९ वर्षं थांबता कामा नये.

जय हिंद.